सुभद्राच्या मोहाखाली

“वावधनाचं नाव नको सांगू मले. वावधन काय यंदाच पहिल्यांदा आलं? तूच मारलं ते झाड, नितेश.”

“माय, माहं काय वैर हाय झाडासंग?”

“संत्र्यावर सावली पडते, असं कोण म्हणलं होतं? याच ओट्यावर बसून म्हणलं होतं. आन् मंग ट्रॅक्टर धुऱ्याले घासून नेला. मुळ्या तुटल्या, झाड पडलं. शाहणा हायेस बाप्पा तू. कुऱ्हाडीले हात नाही लावला.”

“बाबा, तुमी तरी सांगा ना हिले काही.”

शालिकराम ओट्याच्या कडेला बसून तंबाखू मळत होता. त्यानं मान वर केली नाही. “मी काय सांगू? झाड तिचं, पोरगा तिचा. मी तं इथं किरायानं राहतो.”

आत कणीक मळणाऱ्या रागिणीला हसू फुटलं. सासूला ते बाहेर ऐकू आलं.

“हास, हास. तूबी हास. तुह्याच बहिणीच्या साबणाचं तेल आडवं होऊन पडलं हाय तिथं.”

“आई, मी तुम्हाले नाही हसली, बाबाले हसली.”

“झाड पडलं ते पडलं,” शालिकराम म्हणाला. “तू तं माणूस मेल्यासारखं करून राहिली.”

“माणूस मेला असता तं तेराव्याले मोकळी झालो असतो,” सुभद्रा म्हणाली आणि फडा उचलून आधीच झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागली.

आदल्या संध्याकाळच्या वावटळीनं गावातल्या घरांवरची टिनं उडवली होती, शाळेजवळचा विजेचा खांब वाकवला होता, आणि शालिकरामच्या वावराच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, सगळ्यांत मोठा मोह आडवा केला होता. ऐन ज्येष्ठात, फळांनी लगडलेला.

मोर्शीच्या वरच्या अंगाला, सातपुड्याचा डोंगर दिसायला लागतो तिथलं हे गाव. खाली काळी जमीन, संत्र्याच्या बागा. वर, डोंगराकडे, धुऱ्याधुऱ्यावर मोहाची जुनी झाडं. सुभद्रा वरूडकडून लग्न होऊन इथं आली तेव्हा तिला यातलं काही माहीत नव्हतं. पहिल्याच फागुनात सासू, पार्वताबाई, तिला पहाटे धुऱ्यावर घेऊन गेली. म्हणाली, “वावर माणसाइचं. सातबारा त्याइचा. हे मोह आपले. माह्या सासूनं मले देल्ले, मी तुले देऊन राहिलो.” आणि तिच्या हातात एक खराटा आणि आगपेटी दिली.

कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं, पण त्या घरात ते चालत आलं होतं. कापसाचं, तुरीचं, पुढं संत्र्याचं काय होतं ते पुरुष बघत. मोहाची फुलं आणि टोळी बाईची. त्यातून येईल ते बाई तिच्या मर्जीनं वापरी, आणि कोणी तिला विचारत नसे. सुभद्रानं त्यातून नणंदेच्या बाळंतपणाला लुगडं नेलं, नितेशला पहिली सायकल घेतली, आणि एकदा, कोणालाही न सांगता, मोर्शीला जाऊन स्वतःसाठी चष्मा बनवला.

खराटा आणि आगपेटी ही मोहाची अवजारं. फुलं रात्री गळतात, पहाटे वेचायची असतात. खाली पाचोळा असला तर ती त्यात हरवतात. म्हणून फुलं गळायच्या आधी मोहाखालचा पाला ओढून पेटवून द्यायचा आणि जमीन झाडून घ्यायची. गावातल्या सगळ्याच बाया असं करत. पण बाकीच्या उरकून टाकत. सुभद्रानं त्याची पूजा केली. ती जात्याच स्वच्छ. पाण्याच्या गुंडावर बोट ओढलं तर आवाज यायला पाहिजे, असं तिचं. ती झाडाभोवती गोल गोल झाडत जाई, फावड्यानं बारीकसारीक काड्या, खुंट तासून काढी, बुडख्याच्या खोबणीत पाला कोंबून मुद्दाम आग धरवी, कारण तिथंच मुंग्या आणि विंचू दडतात. जाणाऱ्या-येणाऱ्या बाया म्हणत, “सुभद्राच्या मोहाखाली भात सांडला तं उचलून खावा.” नव्या सुनांना गावातल्या सासवा तिच्याकडे शिकायला पाठवत. हे कौतुक तिनं आयुष्यभर पुरवून पुरवून ऐकलं होतं.

फुलांमागून फळ येतं, आणि फळातली तपकिरी, चकचकीत बी म्हणजे टोळी. ज्येष्ठ-आषाढात ती वेचायची, फोडायची, आतला गर वाळवून मंद भाजायचा, उखळात कांडायचा आणि मोठ्या गंजात पाण्यासोबत उकळत ठेवायचा. वर जे तरंगतं ते पळीनं काढून घ्यायचं. थंडीत हे तेल तुपासारखं थिजतं, रंगही तुपासारखा फिका पिवळा. वास मात्र तुपाचा नाही. पार्वताबाईच्या काळात अडचणीच्या दिवसांत याच तेलात भाजी होई, आणि पाहुणा आला की बरणी फडताळाच्या मागं जाई. गरिबाचं तूप. नितेश अमरावतीला कॉलेजला होता तेव्हा एकदा घरी येऊन म्हणाला होता, “माय, माह्या डोक्याले ते लावत जाऊ नको. पोट्टे वास घेतात.”  बरणी सुभद्रानं आणखी आत सरकवली.

मग रागिणी सून म्हणून आली. तिची मावसबहीण रश्मी अकोल्याला जठारपेठेत राहते, घरीच साबण बनवून विकते. मागच्या हिवाळ्यात ती दोन दिवस इथं आली आणि टाचांच्या भेगांना तिनं हे तेल लावलं. परत जाताना बरणीच घेऊन गेली. पुढं फोन आला: साबण लोकांना आवडला, यंदाचं सगळं तेल मलाच द्या, आणि वेष्टनावर मी तुमचं नाव छापते, मावशी. “सुभद्राबाईच्या हातचं टोळीचं तेल.” खाली फोटो.

सुभद्रा फोनवर फक्त “बरं” म्हणाली. पण त्या दिवसापासून ती रोज धुऱ्यावर जाऊन वर बघून यायला लागली, फळ किती धरलंय म्हणून. आपलं नाव कशावर तरी छापलेलं तिनं आजवर रेशनकार्डाखेरीज कुठं पाहिलं नव्हतं. आणि त्यातलाच सगळ्यांत जास्त देणारा मोह आता पडला होता.

म्हणून तिला बुडख्याखाली मातीत दबलेल्या मुळ्या पाहायच्या होत्या; ओंडका कापून हलवला की त्या उघड्या पडतील. ट्रॅक्टरनं तुटलेल्या मुळ्या सगळ्यांना दिसल्या असत्या म्हणजे झालं.

मोर्शीहून करवतवाला मशीन घेऊन आला. सुभद्रा पदर खोचून शेजारी उभी राहिली. नितेशही होता. करवत बुडख्याजवळ लावली, भुसा उडाला, आधी पांढरट, मग तांबूस, आणि मग एकाएकी मशीनचा आवाजच बदलला. पोकळ. ओंडका सुटून बाजूला लोळला आणि आतून काळं काहीतरी भसकन खाली पडलं.

कोळसा होता.

करवतवाल्यानं मशीन बंद केलं, वाकून पोकळीत हात घातला. हात कोपरापर्यंत काळा होऊन बाहेर आला. “मावशी, हे तं आतून जळेल हाय.”

“वीज पडली असंन कधी,” सुभद्रा म्हणाली.

“वीज वरून येते. हे खालून गेल हाय. आन् हे काही एका दिवसाचं नोहे. वर्सानुवर्स थोडं थोडं जळत गेलं. नुसती साल उभी होती. हे वावधनानं पडलं नसतं, तं बकरी घासली असती तरी पडलं असतं.”

सुभद्रानं नितेशकडे पाहिलं. बोल, आता बोल, असं तिला झालं. त्यानं आईला एक शब्द टाकला असता तर तिला परतवता आला असता. पण खाली बघून त्यानं नुसता पायानं कोळसा सारला. त्या सारण्याचाच तिला राग आला.

“जुनं झाड. पोकळ होणारच,” ती म्हणाली आणि घरी आली. येताना करवतवाल्याचं बोलणं डोक्यात फिरत होतं. खालून गेल हाय. बुडख्याच्या खोबणीत पाला कोणी कोंबला? दरवर्षी कोणी कोंबला? घरी येऊन तिनं हंडे घासायला काढले, जे सकाळीच घासले होते. ट्रॅक्टरचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. माघारही घेतली नाही.

टोळी गळायला लागली त्या सुमारास रश्मी फोटो काढायला आली. सोबत तिनं वेष्टनाचा नमुना आणला होता. पिवळसर कागद, त्यावर हिरव्या अक्षरांत नाव. फोटोची जागा कोरी. सुभद्रानं कागद हातात घेतला, चष्मा लावून वाचला, मग पुसायला काही नसताना पदरानं पुसला.

“मावशी, झाडाजवळ फोटो काढू,” रश्मी म्हणाली. “पण एखाद्या लहान झाडाजवळ. तुमच्या कमरेएवढं असलं तर फारच छान.”

“लहान झाड कायले पायजे? मोठ्ठे मोह हायेत ना.”

“लोक विचारतात हो आजकाल. तेलापायी जंगल तर संपत नाही ना, नवी झाडं येतात ना. लहान झाड दिसलं की विचारणं थांबतं.”

सुभद्रा हसली. “मोहाले लहानपण नसते वं पोरी.”

“म्हणजे? आभाळातून मोठाच पडतो?”

“मोह माणूस लावत नाही. देव लावते. आमच्याकडं कोणीच लावत नाही.”

“बरं. मग देवानं शेवटचा कधी लावला?”

रश्मीनं हे हसत विचारलं होतं. रागिणीही हसली.  सुभद्रानं शालिकरामकडे बघितलं.

“मले काय विचारतेस?” तो म्हणाला. “माह्या बापाच्या वेळचेच हायेत सगळे. बापाच्याबी आधीचे असतीन.”

“गावात कुठं तरी असंन ना बारका.”

“म्या तं नाही पायला बा,” नितेश म्हणाला. “बारका आंबा पायला, बारका कडुलिंब पायला. बारका मोह? नाही.”

“तुमचे डोळे संत्र्यातच असतात,” सुभद्रा उठली. चप्पल घातली. “चाल पोरी. दाखवतो तुले.”

ती आधी स्वतःच्या धुऱ्यावर गेली. पडलेल्या मोहाचा खड्डा, त्यापलीकडे उरलेले मोह ओळीनं. खाली जमीन गुळगुळीत. एरवी ती जमीन पाहिली की तिला बरं वाटे. आज ती एकेका झाडाभोवती फिरली, वाकून बघितलं, काहीच नव्हतं. गवताचं पातंसुद्धा विरळ. मग नाल्याकाठच्या मोहांखाली. तिथली जमीन गावातली माणिकबाई झाडत असे, तिला सुभद्रानंच शिकवलं होतं; तिथंही तसंच साफ. मग देवळामागच्या मोहाखाली. रश्मी मोबाईल हातात धरून मागून चालत होती, आता थकली होती.

“राहू द्या मावशी, मोठ्या झाडाजवळच काढू.”

“नाही. असंन कुठं तरी.”

आता तिला फोटोचं काही उरलं नव्हतं. एवढ्या वर्षांत आपण हे कधी पाहिलंच कसं नाही, या विचारानं ती नुसती चालत सुटली होती. एखाद्या घरात नुसती म्हातारी माणसं दिसतात आणि एकही लेकरू दिसत नाही, तर पहिल्या दिवशी लक्षात येतं. आणि इथं ती रोज येत होती.

पुढं जानरावचं वावर लागत होतं. जानराव म्हणजे शालिकरामचा चुलतभाऊ. त्याच्यात आणि त्याच्या अमरावतीच्या धाकट्या भावात त्या तुकड्यावरून कोर्टकचेरी चालू. निकाल लागेपर्यंत कोणीच हात लावायचा नाही, असं ठरलेलं. दोघांनी मिळून एवढं एकच काम केलं होतं: चहूबाजूंनी काटेरी तार ओढली. तेव्हापासून आत नांगर नाही, बकरी नाही, बाई नाही. जानरावची शेळी आत शिरली तरी भाऊ पोलिसात जाई. सगळ्या गावाला तो तुकडा म्हणजे लाजिरवाणी गोष्ट वाटे. सुभद्राला तर त्या गचपणाकडे बघवत नसे. तिनं जानरावची बायको इंदूबाई हिला कितीदा सुनावलं होतं, “काय वं इंदे, वावर हाय का उकिरडा?”

त्या गचपणात मधोमध दोन मोह होते. सुभद्रानं तार पायानं खाली दाबली, लुगडं आवळलं आणि आत गेली.

“मावशी, चालेल का असं?” रश्मी बाहेरून म्हणाली.

“उभी राय तिथंच.”

घोट्यापर्यंत पाचोळा. पाय टाकला की कुरकुर होई. ती सापाच्या भीतीनं काठी आपटत पुढं गेली, पहिल्या मोहाच्या सावलीत पोचली, आणि काठी तिच्या हातातच राहिली.

झाडाखाली झाडं होती. बोटाएवढी, गुडघ्याएवढी, कमरेएवढी, एक तर तिच्या खांद्याला लागत होतं. दाटीवाटीनं, एकमेकांना ढकलत, यात्रेत लेकरं उभी राहतात तशी. कोवळी पानं तांबडी, चकचकीत. तिनं एक पान ओढून तोडलं. देठातून पांढरा चीक आला, तिच्या बोटाला लागला. मोहच होता.

ती पाचोळ्यात बसून एकेक पान उलटून बघायला लागली.

मग तिला दुसरं दिसलं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. हे पान तिच्या ओळखीचं होतं. ही तांबडी, बारकी पानं ती दर पावसाळ्यात स्वतःच्या धुऱ्यावर बघत आली होती. हिवाळ्यात बकऱ्या ती खात, फागुनापर्यंत नुसत्या काड्या उरत. जमिनीतून वर आलेल्या, चिवट, खराट्याला अडकणाऱ्या काड्या. त्या अडकतात म्हणून तिनं फावडं वापरायला सुरुवात केली होती. फावडं, मग आग, मग खराटा. सुनांना तिनं तेच शिकवलं होतं: “काड्या ठेवाच्या नाहीत. पायात मोडतात.”

“मावशी?” रश्मी ओरडली. “बऱ्या आहात ना? सापडलं का?”



सुभद्रा बाहेर आली तेव्हा लुगडं तारेला अडकून टरकन फाटलं. तिनं वळून बघितलंसुद्धा नाही. सरळ जानरावच्या घरी गेली. इंदूबाई परसात धुणं वाळत घालत होती.

“इंदे, तुह्या त्या वावरातले मोह कोणी लावले?”

“कोणते मोह, बाई?”

“बारके. मोहाखालचे.”

इंदूबाईनं पिळलेली चादर तशीच हातात धरली. “कोण लावते? आमाले तं आत पाय ठेवाची बंदी हाय. तुमी गेल्त्या का आत? बाई, देराले कळलं तं तो पोलिस आणते ना माह्या दारात!”

“कोणी पाणी टाकलं का तिथं? कुंपण, खत, काही?”

“काही नाही केलं बाप्पा. काही केलं असतं तं तुमीच नसत्या का मले बोलल्या, उकिरडा करून ठेवला म्हणून? दर वर्सी तं बोलता.” मग तिचा चेहरा बघून इंदूबाई जरा घाबरली. “बाई, पाणी आणू का? घाम फुटला तुमाले. बसा ना.”

“काहीच नाही केलं?”

“आता देवाची शपथ घेऊ का? काहीच नाही केलं.”

सुभद्रा बसली नाही. पाणी प्यायली नाही. घरी चालत आली. रश्मी मागून काहीतरी विचारत होती, फोटो काढायचा का तिथं, तारेतून छान दिसेल. सुभद्रा थांबली नाही.

त्या गावातल्या सगळ्यांत गबाळ्या बाईच्या वावरात, दोन भावांच्या भांडणाखाली, कोणी काही केलं नाही म्हणून मोह वाढले होते. आणि तिनं सगळं केलं होतं. पार्वताबाईनं दिले होते त्यांतले किती मोह एकेक करून वाळले, पडले, आणि प्रत्येक वेळी तिनं कोणाला तरी शिव्या घातल्या होत्या: दिराला, वाळवीला, कॅनॉलच्या खोदकामाला, आता नितेशला. पडलेल्याच्या जागी नवा येईल, देव लावील, म्हणून ती वाट बघत राहिली. आणि तो लावत होता. दर पावसाळ्यात लावत होता. तिच्या दारात आलेलं लेकरू तिनं दर फागुनात फावड्यानं उचकटून जाळलं होतं, आणि वर लोकांकडून कौतुक करून घेतलं होतं.

घरी आल्यावर ती मोरीत गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. चीक जाईना. रागिणी दारात येऊन उभी राहिली.

“आई, लुगडं फाटलं. लागलं का कुठं?”

“रागिणी, तुले मी मोहाखाली झाडाले नेलं होतं ना? फागुनात?”

“हो. तुम्ही म्हटलं होतं, आता तुह्या हातात देईन सगळं.”

“काड्या तासल्या होत्या ना तू?”

“तुम्ही सांगितल्या तशा. काहून, आई? काही चुकलं का?”

सुभद्रानं तिच्याकडे असं बघितलं की रागिणीनं दाराची चौकट धरली. सासूला तिनं चिडलेलं पाहिलं होतं, रडलेलंही एकदा पाहिलं होतं. असा कोरा, रक्त उतरलेला चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. तिनं नवऱ्याला हाक मारली.

“माय, दवाखान्यात नेऊ का?” नितेश म्हणाला.

“ते मोर्शीच्या मशीनवाल्यानं सांगितलं तेव्हा तुले कळलं होतं,” सुभद्रा म्हणाली. “बुडखा कोणाच्या इस्त्यानं जळला ते.”

 “कळलं होतं.”

“मंग बोलला काहून नाही?”

“काय बोलू? तू सकाळपासून ट्रॅक्टर ट्रॅक्टर करून राहिली होती. अजून एक बोललो असतो तं तू जेवली नसती.”

“ट्रॅक्टर नव्हता तुहा.”

“असू दे ना आता.”

“नव्हता, म्हणलं ना.”

माफी मागायची तिची पद्धत एवढीच होती. नितेशनं मान हलवली.

दिवस कलायच्या आधी रश्मीला मोर्शीच्या बसवर सोडायचं होतं म्हणून रागिणीनं स्वयंपाक लवकर केला. सगळे एकत्रच जेवायला बसले. भाकरी, तुरीच्या वरणाचा गोळा, कांदा. कोणीतरी बोलावं म्हणून शालिकराम रश्मीला म्हणाला, “मंग, निघाला का फोटो?”

“नाही ना काका. पण मी काढेन पुढच्या वेळी. टोळी वेचताना काढू. मावशी, तेल श्रावणापर्यंत तयार होईल ना? मी लोकांना सांगून ठेवलंय.”

“होईन ना,” शालिकरामनंच उत्तर दिलं. “एक झाड पडलं तं काय, बाकीचे हायेत. उद्यापासून लागतीन दोघी वेचाले. टोळीचा सडा पडला हाय धुऱ्यावर.”

“अर्धी वेचली तरी…” रागिणी हळूच म्हणाली. जानरावच्या वावराचं तिला आता रश्मीकडून कळलं होतं. “अर्धी खाली राहू द्यावी, आई. म्हणजे तेलही निघेल आणि…”

“अर्धी ठेवून काय होते?” शालिकराम म्हणाला. “डुकरं खातीन ते. आन् पोरीच्या कागदावर हिचं नाव छापून तयार हाय. नाव छापलं आन् तेल नाही, तं लोक काय म्हणतीन?”

वेष्टनाचा तो पिवळसर कागद भिंतीतल्या देवळीत ठेवला होता. सगळ्यांनी एकदम तिकडे बघितलं. सुभद्रानं बघितलं नाही. ताटातला घास तिनं हातातच धरला होता. तो तिनं परत ताटात ठेवला.

“औंदा एकही टोळी वेचाची नाही,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “मी नाही, रागिणी नाही, मजूरबाई नाही. पडंन ते पडंन तिथंच. डुकरं खातीन ते खातीन, उरंन ते उगवंन. नितेश, धुऱ्याच्या दोन्ही अंगानं एकेक तास, नांगराची पट्टी, सोडून दे, तिथं नांगर लागणार नाही, आन् आपल्या बकऱ्या तिकडं जाणार नाहीत. फागुनात पाला पेटणार नाही. फुलं वेचाची असतीन तं जुनी लुगडी, बारदाना अंथरू खाली, त्याच्यावर पडली तेवढी आपली. गावातल्या ज्या ज्या बायाइले मी झाडणं शिकवलं, त्याइच्या घरी उद्या मी सोता जातो आन् सांगतो.”

“माय, एक तास म्हणजे संत्र्याची एक वळ जाते,” नितेश म्हणाला.

“जाईन.”

“मावशी, मग माझं तेल?” रश्मीचा आवाज अगदी लहान झाला होता.

“तेल निघणार नाही औंदा.”